संभाव्यता अणूत असते की आपल्या डोक्यात?

चौथी_सीट
माझं काम विम्याचे दर काढायचं. फोर्टातल्या एका कंपनीत अ‍ॅक्च्युअरी आहे. पस्तिशीचा माणूस टर्म पॉलिसी मागायला आला की तो येत्या वर्षात जाण्याची संभाव्यता आम्ही तक्त्यातून उचलतो. मग कळतं की तो सिगारेट ओढतो, आकडा वाढतो. वडील पंचेचाळिशीत हार्टने गेले, आणखी वाढतो. माणूस तोच, फुप्फुसं तीच, बदललं ते फक्त आमच्या फाइलमधलं. म्हणून संभाव्यता ही त्या माणसात दडलेली वस्तू नसून आमच्या माहितीचा हिशेब आहे, असं मी पोटापाण्यापुरतं मानत आलो.

आमच्याच धंद्यातला एक माणूस हे फार टोकाला घेऊन गेला. ब्रुनो दे फिनेत्ती, १९३१ पासून त्रिएस्तच्या जेनेराली विमा कंपनीत अ‍ॅक्च्युअरी. त्याचं म्हणणं, संभाव्यता म्हणजे एखाद्या पैजेला तुम्ही किती भाव द्यायला तयार आहात तो आकडा, बस्स. भाव काय लावायचा ते तुमचं तुम्ही ठरवा. अट एकच: तुमचे सगळे भाव एकत्र धरून समोरच्याला तुमच्याकडून खात्रीचा नफा उकळता येऊ नये. पुढे आपल्या ग्रंथाच्या प्रस्तावनेत 'संभाव्यता अस्तित्वात नसते' असं त्याने मोठ्या अक्षरांत छापलं. फ्रँक रॅम्से या इंग्रजाने १९२६ मध्ये जवळपास हेच स्वतंत्रपणे लिहून ठेवलं होतं. बिचारा सव्विसाव्या वर्षी गेला.

आता प्रश्न. माणसं, पाऊस, घोडे यांना हे सगळं ठीक. पण क्वांटमवाले म्हणतात, अणू कधी फुटेल हे आपल्याला कळत नाही याचं कारण आपलं अज्ञान नाही. कळण्यासारखं तिथे काही नसतंच. म्हणजे फाइल जाड करून आकडा सुधारायची सोयच नाही. अर्धायुष्य म्हणून ठरलेला एक काळ असतो, तेवढ्यात अणू फुटायची शक्यता अर्धी. मग तो अर्धा नक्की कोणाचा? अणूचा म्हणावा तर दे फिनेत्ती पडला. माझा म्हणावा तर मी जन्मायच्या आधी अणू फुटत नव्हते का?

माझा कल अजून दे फिनेत्तीकडे आहे. पटवा किंवा पाडा. गणित चालेल, पण बीएस्सीच्या पुढचं नको.

बोरीबंदर
जागा धरून ठेवतो. धाग्यात मारामारी होईल याला माझा भाव ०.९.

अण्णा_गिरगावकर
भाव जुळलेले हवेत म्हणजे काय, हे आमच्या लहानपणी कोपऱ्यावरच्या पानाच्या गादीवर फुकट शिकायला मिळायचं. आधी न्यूयॉर्कच्या कापसाचे भाव टेलिप्रिंटरवर यायचे, त्यांच्या आकड्यांवर लोक पैसे लावायचे. साठच्या दशकाच्या सुरुवातीला ते बंद झालं, मग मडक्यातून चिठ्ठ्या, मग पत्ते. मटका चालवणाऱ्या कल्याणजी भगत आणि रतन खत्री यांची नावं तेव्हा मंत्र्यांपेक्षा जास्त घेतली जायची.

सिंगल आकडा लागला की रुपयाला नऊ. आता शून्य ते नऊ, दहाही आकड्यांवर एकेक रुपया लावून बघा. दहा गेले, नऊ आले. काहीही लागो, रुपया बुकीचा. चौथी सीट ज्याला खात्रीचा नफा म्हणतात तो हाच. दहा आकड्यांना प्रत्येकी १/९ असा भाव दिलात की बेरीज १ च्या वर जाते आणि वरच्या त्या १/९ वर बुकीचं घर चालतं. लोकांना हे कळत नव्हतं असंही नाही. दहाही आकडे कोण लावतो? जो तो आपला एकच लावतो.

बोरीबंदर
अण्णा, गादीवर फक्त पान खायलाच जायचात ना?

अण्णा_गिरगावकर
कधीकधी सुपारी.

हवाहवाई
घरी पर्जन्यमापक असलेल्या माणसाचे दोन शब्द. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझ वेधशाळेत ९४४ मिमी पाऊस झाला आणि वीस-बावीस किलोमीटरवरच्या कुलाब्यात ७३. आदल्या दिवशी कोणी 'मुंबईत जोरदार पावसाची शक्यता ७० टक्के' असं म्हणालं असतं तर तो ७० कुठल्या ढगावर लिहिलेला होता? तो दिवस एकदाच आला. 'असे शंभर दिवस घ्या' म्हणायचं तर असे म्हणजे कसे, हे पुन्हा मीच ठरवणार.

पण मत आहे म्हणजे वाट्टेल ते चालतं असंही नाही. ग्लेन ब्रायर यांनी १९५० मध्ये अंदाजांना गुण द्यायची पद्धत काढली. तुम्ही ०.७ म्हणालात आणि पाऊस पडला तर दंड ०.३ चा वर्ग, म्हणजे ०.०९. नाही पडला तर ०.७ चा वर्ग, ०.४९. समजा मनातून तुम्हाला ०.७ च वाटतंय, पण चॅनेलवर भाव खायला ०.९ ठोकून दिलंत. अपेक्षित दंड ०.२१ वरून ०.२५ वर जातो. म्हणजे मनातलं खरं सांगण्यातच तुमचा फायदा. असले नियम दे फिनेत्तीलाही फार प्रिय होते. मत खाजगी, परीक्षा चारचौघांत.

प्राजक्ता_ठाणे
मी परळच्या एका रुग्णालयात न्यूक्लिअर मेडिसिनला आहे. वर सगळे भाव आणि पैजा म्हणतायत म्हणून हॉट लॅबमधलं, म्हणजे किरणोत्सारी डोस तयार करायच्या खोलीतलं सांगते. हाडांच्या स्कॅनला आम्ही टेक्नेशियम-९९एम देतो, अर्धायुष्य ६ तास. सकाळी आठला डोस कॅलिब्रेटरवर (किरणोत्सार मोजायचं यंत्र) २० मिलीक्युरी दिसलं तर दुपारी दोनला १० दिसणार. कॅलिब्रेटर कोण वाचतंय, त्याने दे फिनेत्तीचं नाव ऐकलंय का, याने काडीचा फरक पडत नाही. पेशंट सायनच्या ट्रॅफिकमध्ये अडकला तर घड्याळ बघून डोस नव्याने काढावा लागतो. मत बदलून भागत नाही.

दुसरं म्हणजे, चौथी सीट, तुमचा पस्तिशीचा माणूस पुढच्या वर्षी छत्तिशीचा होतो आणि तुमचा आकडा चढतो. टेक्नेशियमचा अणू म्हातारा होत नाही. सकाळपासून उरलेला अणू आणि आत्ता जनरेटरमधून (ज्यात टेक्नेशियम तयार होत राहतं) काढलेला अणू शेजारी ठेवा. पुढच्या सहा तासांत फुटायची शक्यता दोघांचीही अर्धी. (फुटणं म्हणजे इथे गॅमा किरण सोडून खाली बसणं, पण धाग्यात फुटणं चाललंय तर तेच म्हणते.) त्याला सिगारेट नाही, वडिलांचा हार्ट नाही. तुमच्या फॉर्ममध्ये माहिती भरता येते, इथे भरायला रकानाच नाही. मग आकडा अणूचाच म्हणायला हरकत काय?

चौथी_सीट
प्राजक्ताताई, जबरदस्त मुद्दा. वयाबरोबर मृत्युदर न वाढणारा ग्राहक! तसे लोक असते तर आमच्या नोकऱ्या गेल्या असत्या.

पण जरा हिशेब करू. २० मिलीक्युरी म्हणजे सेकंदाला ७४ कोटी अणू फुटतायत. सहा तासांच्या अर्धायुष्यावरून त्या सिरिंजमध्ये साधारण २३ लाख कोटी अणू येतात. इतक्या पॉलिसी माझ्याकडे असत्या तर मीही दुपारी दोनपर्यंत निम्मे क्लेम येणार असं छातीठोक सांगितलं असतं. कॅलिब्रेटर दाखवतो तो गर्दीचा आकडा. गर्दीचा आकडा पक्का आहे म्हणून एकेका अणूच्या अंगावर अर्धा छापलेला आहे, हे कशावरून?

दे फिनेत्तीचं १९३७ चं एक प्रमेय इथे कामाला येतं. समजा या अणूंचा क्रम कसाही बदलला तरी माझ्या भावांत फरक पडत नाही, मला ते सगळे सारखेच. एवढं मानलं की माझे भाव आपोआप असे वागू लागतात, जणू मागे कुठेतरी एक ठरलेला पण मला माहीत नसलेला दर आहे. पुरेशी निरीक्षणं झाली की वेगवेगळ्या मतांनी सुरुवात केलेले लोकही त्याच आकड्याजवळ येऊन थांबतात, हटवादी सोडून. म्हणजे 'सगळ्यांना सारखा दिसतो' हे मतांमधूनही निघू शकतं.

प्राजक्ता_ठाणे
ते सगळे सारखे तुम्हाला 'वाटतात', की ते आहेत? माणसांच्या बाबतीत तुम्ही सारखे धरता, कारण फरक मोजायला पैसे नाहीत. इथे फरक नाहीच.

निवृत्त_मास्तर
आधी जरा अवांतर. टेक्नेशियम-९९एम हे उदाहरण नेमकं बोट ठेवण्यासारखं निघालं. १९५१ मध्ये बेनब्रिज, गोल्डहाबर आणि विल्सन यांनी दाखवलं की त्याचं अर्धायुष्य रासायनिक रूपाप्रमाणे किंचित बदलतं. दोन संयुगांमध्ये सुमारे ०.३ टक्क्यांचा फरक आला. ऊर्जा बाहेर पडताना भोवतालचे इलेक्ट्रॉनही त्यात हात घालतात, म्हणून. म्हणजे तो आकडा एकट्या केंद्रकाचा नाही, शेजारपाजाऱ्यांचाही आहे.

प्राजक्ता_ठाणे
सर, ०.३ टक्क्यांनी आमचं काहीच हलत नाही. आणि संयुग बदललं हे कारण झालं. मत कुठे आलं त्यात?

निवृत्त_मास्तर
बरोबर, तुमच्याच बाजूने बोलतोय मी. आता मूळ प्रश्नाकडे. 'अणूत माहिती असेल, आपल्याला ठाऊक नसेल' ही पळवाट बंद का झाली ते सांगतो. बीएस्सीच्या पुढे जात नाही.

तुम्ही चर्चगेटला उभे, तुमचा जोडीदार विरारला. दोघांचे फोन काढून घेतलेत. दोघांसमोर एकेक नाणं उडवलं जातं आणि दोघांनी आपापल्या कागदावर हो किंवा नाही लिहायचं. दोन्हीकडे छापा आला तर उत्तरं वेगळी हवीत. बाकीच्या तिन्ही वेळा उत्तरं सारखी हवीत. आदल्या रात्री बसून हवं तेवढं संगनमत करा. ७५ टक्क्यांच्या वर जिंकता येत नाही. कागद-पेन्सिल घेऊन सोळा शक्यता तपासा, पटेल. पण दोघांनी आधीच क्वांटम अर्थाने एकमेकांत गुंतलेल्या (एन्टँगल्ड) कणांची एकेक जोडी वाटून घेतली आणि नाण्याप्रमाणे कोन बदलून मोजमाप केलं, तर ८५ टक्क्यांच्या थोडं वर जाता येतं.

जॉन बेलचं प्रमेय १९६४ चं, त्याचं तपासता येईल असं रूप १९६९ चं, क्लाउजरचा प्रयोग १९७२ मध्ये, आस्पेचे १९८२ मध्ये. २०२२ चं नोबेल या दोघांना आणि त्साइलिंगरना मिळालं. अर्थ एवढाच की कण घरून निघतानाच खिशात उत्तरं घेऊन निघतात आणि विरारची गोष्ट विरारलाच राहते, या दोन्ही गोष्टी एकदम खऱ्या असू शकत नाहीत. विम्याच्या फाइलसारखं अज्ञान इथे लागू करायचं तर तिकडचं इकडे तत्काळ पोचतं हे मान्य करा. डेव्हिड बोमने १९५२ मध्ये ते मान्य केलं, त्याच्याकडे संभाव्यता पुन्हा साध्या अज्ञानाची होते. या वाटेने आपल्या कुलाब्यातही काम झालंय. टीआयएफआर म्हणजे टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या वीरेंद्र सिंग आणि एस. एम. रॉय यांनी १९९० च्या दशकात स्थान आणि संवेग दोघांना समान वागणूक देणारी कार्यकारण पुंजयामिकी (क्वांटम मेकॅनिक्स) मांडली. किंमत मोजायची तयारी असेल तर चौथी सीट, तुमच्यासाठी ते दार उघडं आहे.

द्रष्टा_साक्षी
पाहणाऱ्याशिवाय दृश्य नाही हे आपल्याकडे केव्हाच सांगून झालंय. श्रोडिंगर उगाच उपनिषदं वाचत नव्हता. जाणिवेमुळे जग निर्माण होतं, हेच आज विज्ञान म्हणतंय.

नास्तिक_नाना
आला, वेदान्त आला. बाविसाव्या पोस्टपर्यंत थांबेल असं वाटलं होतं. श्रोडिंगरला वेदान्ताची ओढ होती हे खरं. पण त्याच्या समीकरणात जाणीव कुठल्या बाजूला येते ते दाखवा, मग बोलू. बेलने १९९० च्या एका लेखात खवचटपणे विचारलं होतं की जगाचं तरंगफलन (क्वांटम अवस्था लिहायचं गणिती रूप) कोसळायला एकपेशीय जीव येईपर्यंत थांबलं होतं का, की पीएचडी झालेल्या कोणाची वाट बघत होतं. चौथी सीटनी पहिल्या पोस्टीत तेच विचारलंय, जरा सभ्य शब्दांत.

टंकलेखक
सगळे उगाच त्रास करून घेताय. एव्हरेटची अनेक जगांची कल्पना, १९५७. अणू फुटतोही, फुटत नाहीही, दोन्ही फांद्या खऱ्या. अर्धा वगैरे काही नाही.

हवाहवाई
मग दोन्ही घडतंच तर मी कुठल्याही गोष्टीला ०.५ का म्हणू, ०.९ का नाही?

टंकलेखक
त्यावर डेव्हिड डॉइचने १९९९ मध्ये उत्तर दिलंय, पुढे वॉलेसने ते वाढवलं. शहाणा माणूस आपल्या पुढच्या फांद्यांवर कशी पैज लावेल याचे काही नियम धरले की बॉर्नचा नियम, म्हणजे क्वांटममध्ये संभाव्यता काढायचं सूत्र, निघतो.

अण्णा_गिरगावकर
म्हणजे तिथेही मटकाच.

सान्वी_प
उशिरा आले, पण हा माझा प्रांत आहे (क्वांटम इन्फर्मेशनमध्ये पीएचडी चालू). चौथी सीट ज्या बाजूला झुकलेत त्या बाजूला खरंच एक गट राहतो. केव्ह्ज, फुक्स आणि शाक यांनी २००२ मध्ये क्वांटम संभाव्यता म्हणजे बेझियन (मत म्हणून धरलेली) संभाव्यताच असा लेख लिहिला. त्यातून पुढे क्यूबिझम नावाचा पंथ निघाला, चित्रकलेशी संबंध नाही. डेव्हिड मर्मिनसारखा मुरलेला माणूस नंतर त्यांना जाऊन मिळाला. त्यांच्या मते तरंगफलन हे कणाचं वर्णनच नाही. ते लिहिणाऱ्याच्या पैजांचं वर्णन आहे: मी हे मापन केलं तर मला काय अनुभवायला मिळेल, याला माझे भाव.

काका (चौथी सीट काकाच असावेत असं धरते), तुमच्या प्रश्नात दोन गोष्टी एकमेकींना चिकटल्यात. 'आकडा माझा' याचा अर्थ तुम्ही 'आकडा माझ्या अज्ञानाचा' असा घेतलात, कारण विम्यात तसंच असतं: त्या माणसाची फुप्फुसं आत्ता कशी आहेत हे ठरलेलं आहे, तुम्हाला दिसत नाही इतकंच. मास्तर सरांच्या खेळाने अज्ञान मारलं. पैज मारली नाही. जे अजून कुठेही ठरलेलंच नाही त्यावरही भाव लावता येतो. दे फिनेत्तीच्या व्याख्येत 'उत्तर आधीच कुठेतरी लिहून ठेवलेलं असावं' अशी अट कधी नव्हतीच. त्यामुळे अणूत काही दडलेलं नाही म्हणून आकडा अणूचा, ही उडी लागू पडत नाही.

आणि विरारचं कोडंही जरा हलकं होतं. चर्चगेटवाल्याने मोजमाप केलं की विरारच्या कणासाठी त्याचे भाव बदलतात. विरारला काही पोचत नाही. भाव चर्चगेटवाल्याचे होते, चर्चगेटलाच बदलले.

निवृत्त_मास्तर
सान्वी, छान मांडलंस. पण आइन्स्टाइन, पोडोल्स्की आणि रोझेन यांनी १९३५ मध्ये नेमकं इथेच पकडलं होतं. चर्चगेटला मोजल्यावर विरारचं उत्तर मला कधीकधी खात्रीने सांगता येतं. संभाव्यता १. कणाला हात न लावता जे मी खात्रीने सांगू शकतो ते तिथे असलंच पाहिजे. १ हेसुद्धा माझं मतच म्हणणार का तुम्ही?

सान्वी_प
हो सर, म्हणतात. १ सुद्धा मतच. त्यांच्या म्हणण्यातलं सगळ्यात झोंबणारं वाक्य हेच आहे.

निवृत्त_मास्तर
मग जगात उरलं काय?

चौथी_सीट
सर, एक सांगू का, मला या १ चं फारसं नवल वाटत नाही. मृत्युतक्ता कुठेतरी संपवावा लागतो, म्हणून शेवटच्या वयासमोर मृत्यूची संभाव्यता सरळ १ लिहितात. अमेरिकेतल्या १९८० च्या प्रमाण तक्त्यात ९९ व्या वर्षासमोर १ आहे. झान कालमां नावाच्या फ्रेंच बाई १२२ वर्षं जगून १९९७ मध्ये गेल्या. तक्त्यातला तो १ कोणाच्या शरीरातून आलेला नव्हता, तो तक्ता करणाऱ्यांनी लिहिला होता. हिशेब बांधायला तो हवा होता, म्हणून.

सान्वी, काका चालेल. पण माझी अडचण वेगळी आहे. दे फिनेत्ती मला कुठलाही भाव लावू देतो, फक्त ते आपापसांत जुळायला हवेत. क्वांटममध्ये मात्र बॉर्नचा नियम १९२६ पासून छातीवर बसलाय. तो आकडा अमुकच असं सांगतो. मग मत कसलं उरलं?

सान्वी_प
हा खरा प्रश्न. त्यांचं उत्तर असं की बॉर्नचा नियमही आकडा देत नाही, आकड्यांची जुळणी सांगतो. उदाहरण देते, गुणाकार-बेरजेचंच आहे.

सगळ्यात साधी क्वांटम वस्तू घ्या, क्यूबिट. तिच्यासाठी चार निष्पत्ती (येऊ शकणारी उत्तरं) असलेलं एक खास सममित मापन आहे, त्याला संदर्भ म्हणू. दुसरं मापन साधं, हो किंवा नाही. समजा संदर्भाच्या चार निष्पत्तींना माझे भाव १/२, १/६, १/६, १/६ आहेत. आणि त्या चारांपैकी अमुक निष्पत्ती आली तर पुढे 'हो' येण्याला माझे भाव १, १/३, १/३, १/३.

आता संदर्भ मापन खरंच करून मग दुसरं केलं तर शाळेतला नियम: गुणा आणि मिळवा. १/२ अधिक तीन वेळा १/१८, म्हणजे २/३. पण संदर्भ मापन केलंच नाही, सरळ दुसरं केलं तर? दे फिनेत्ती म्हणेल, ही वेगळी परिस्थिती आहे, जुळणीचं बंधन नाही, काय हवं ते म्हण. बॉर्नचा नियम म्हणतो, नाही: त्याच बेरजेला ३ ने गुण आणि १ वजा कर. २/३ चे झाले २, वजा १, उरला १. म्हणजे मधलं मापन केलं तर २/३ आणि केलं नाही तर खात्री. 'न केलेल्या मापनालाही काहीतरी उत्तर होतंच' असं धरलं असतं तर दोन्ही वेळा २/३ च आलं असतं.

सुरुवातीचे चार आकडे माझे (तेही अगदी कसेही चालत नाहीत, १/२ च्या वर एकही जाता कामा नये). बॉर्न फक्त दोन परिस्थितींमधल्या भावांची सांगड घालतो. मोठ्या वस्तूंसाठी ३ च्या जागी मिती अधिक १ येतं. तसं सममित मापन प्रत्येक मितीत असतंच हे अजून सिद्ध झालेलं नाही, हे प्रामाणिकपणे सांगायला हवं.

बोरीबंदर
तीनने गुणा, एक वजा करा. माझ्या सोसायटीच्या मेंटेनन्सचा हिशेबही याच मापनाने होत असावा.

टंकलेखक
२०१२ चं पुसी, बॅरेट, रुडॉल्फ यांचं प्रमेय विसरलात का? तरंगफलन हे नुसती माहिती असूच शकत नाही असं त्यांनी दाखवलंय.

सान्वी_प
त्यात गृहीतक आहे की मागे एक खरी अवस्था असते आणि तरंगफलन हे तिच्याबद्दलची माहिती असतं. ज्यांना ते मान्य आहे त्यांना फटका बसतो. क्यूबिझमवाले तसं मानतच नाहीत.

टंकलेखक
छान. कुठलंही प्रमेय आलं की 'आम्ही ते गृहीतक मानत नाही'.

नास्तिक_नाना
टंकलेखकाशी पहिल्यांदाच सहमत.

निवृत्त_मास्तर
ग्लीसनने १९५७ मध्ये दाखवलंय की तीन किंवा अधिक मिती असतील आणि एका निष्पत्तीचा भाव ती कुठल्या मापनात आली यावर अवलंबून नसेल, तर भाव बॉर्नच्याच साच्यात बसतात. मला ते पुरेसं वाटतं. आकडा कोणाच्या मालकीचा, यावर मी झोप घालवत नाही. पण सान्वीचं ते २/३ आणि १ वर्गात फळ्यावर लिहायला मिळालं असतं तर आवडलं असतं. आम्ही पोरांना सरळ दोन फटींचा प्रयोग सांगून मोकळे व्हायचो.

कोकणकडा
पूर्ण धागा वाचला, अर्धा कळला. पण पहिल्या पोस्टीतल्या प्रश्नाला कोणी हातच लावला नाही. माणूस नव्हता तेव्हा अणू फुटत होते की नाही?

सान्वी_प
फुटत होते. त्याला कोणी नाही म्हणत नाही. डायनासोरांच्या डोक्यावर पाऊस पडत होता, पण 'शक्यता ७० टक्के' तिथे कुठेच नव्हतं.

प्राजक्ता_ठाणे
अगं पण पावसाचं सोड. गॅबनमधल्या ओक्लोचं बघ. १९७२ मध्ये तिथल्या खाणीतल्या युरेनियममध्ये युरेनियम-२३५ या प्रकारच्या अणूंचं प्रमाण ०.७२० ऐवजी ०.७१७ टक्के निघालं. शोध घेतल्यावर कळलं की जवळपास दोन अब्ज वर्षांपूर्वी तिथे नैसर्गिक अणुभट्टी चालली होती. तेव्हा २३५ चं प्रमाण तीन टक्क्यांच्या आसपास होतं म्हणून ते शक्य झालं. हा हिशेब ७० कोटी वर्षांचं अर्धायुष्य धरून लागतो. भाव लावायला तिथे कोणी नव्हतं, दर मात्र आजचाच होता.

सान्वी_प
ताई, दर तेव्हाही तोच होता हे आपण आज, आजच्या पुराव्यावरून म्हणतोय. भूतकाळावरही भाव लावता येतो.

प्राजक्ता_ठाणे
हे उत्तर कशालाही देता येईल गं. मी उद्या सकाळी म्हणाले की माझ्या मते अर्धायुष्य आठ तास, आणि माझे सगळे भाव आपापसांत अगदी जुळलेले आहेत, तर तुझा दे फिनेत्ती मला काय म्हणणार?

सान्वी_प
दे फिनेत्ती काहीच म्हणणार नाही. तुमचा आधीचा अनुभव तुमच्याच भावांशी धरून बघितला तर आठ तास टिकत नाहीत, एवढंच. पण कोऱ्या पाटीने आलात तर तुम्हाला अडवणारा नियम त्याच्याकडे नाही.

प्राजक्ता_ठाणे
आणि पेशंटचा स्कॅन धूसर येईल. कॅलिब्रेटर मला अडवेल. तो कोणाच्या बाजूने आहे ते सांग.

चौथी_सीट
इथे मी ताईंकडे निम्मा सरकलो, कबूल. आमच्याकडे तक्ता चुकला तर चार-पाच वर्षांनी नवा काढतात, कारण लोकच बदललेले असतात. टेक्नेशियमचा तक्ता कोणी नवा काढत नाही. एकेका अणूवर अर्धा लिहिलेला असतो हे मला अजूनही पटत नाही. पण आठ तासांवर पैज लावणारा प्रत्येक वेळी हरतो, आणि त्याच्या हरण्यात माझ्या मताचा काही हात नाही.

सान्वी, आता तुझ्यासाठी शेवटचा. तो '३ ने गुणा, १ वजा करा' नियम. जग याच जुळणीला का धरून आहे? दुसरी एखादी जुळणी का नाही? तुमच्या लोकांनी हे कुठून काढलंय का?

सान्वी_प
नाही. फुक्स आणि मंडळी गेली कित्येक वर्षं तेच शोधतायत. कुठली तरी साधी कल्पना धरली की हा नियम आपोआप निघावा, अशी आशा आहे. तुकडे हाताला लागलेत, पूर्ण अजून कोणाला जमलेलं नाही. माझ्या गाइडना विचारलं तर म्हणाले, आधी थिसिस लिहून टाक, मग काय ते बघ.